लॅब बसवली, पण तिच्यात ऐकवणार काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या ठाणे-नवी मुंबई पुरवणीत शाळांमधल्या ‘लँग्वेज लॅब’वरची बातमी वाचली. संगणक किती, हेडफोन किती, खोली एसी की साधी, उद्घाटनाला कोण आलं, सगळं तपशीलवार होतं. त्या हेडफोनमधून पोरांच्या कानात काय जाणार, याबद्दल मात्र एक ओळ नव्हती. बातमीदाराला दोष देत नाही. लॅब विकणारे ते सांगत नाहीत, घेणारे विचारत नाहीत आणि फोटोत ते येत नाही. पण इंग्रजी ऐकायला शिकवायचं घोडं नेमकं तिथेच अडतं, म्हणून हे पत्र.

मी ठाण्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. राहायला कोपरखैरणेला. संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात एक बॅच घेते. तिथली बहुतेक मुलं-मुली माथाडींच्या घरची, मूळ सातारा नाहीतर जुन्नरकडची. कुणाला नर्सिंगला जायचंय, कुणाला ऐरोलीच्या आयटी पार्कात, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झाल्यापासून बऱ्याच जणांना ‘ग्राउंड स्टाफ’ व्हायचंय. ही मुलं इंग्रजी वाचतात. पत्र, निबंध बरे लिहितात. समोरचा माणूस इंग्रजीत बोलायला लागला की मात्र चेहरे कोरे पडतात.

असं का होतं, ते शाळांना मिळणाऱ्या सीडी आणि ॲप ऐकलं की कळतं. लंडनच्या स्टेशनवर एक बाई तिकीट काढते. तिचा प्रत्येक शब्द सुटा, कडक इस्त्री केलेला. त्या स्टेशनवर दुसरी गाडी येत नाही, मागे कुणी खोकत नाही, कुणाचं पोर रडत नाही. बाईचं एकही वाक्य अर्धवट राहत नाही आणि खिडकीतला माणूस एकदाही ‘काय म्हणालात?’ असं विचारत नाही. माझं रोजचं स्टेशन ठाणे. नऊ-दहा नंबरवर वाशी-पनवेल गाडीची वाट बघताना मराठीतली घोषणासुद्धा शेजारच्याला विचारून पक्की करून घ्यावी लागते.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची गोष्ट सांगते. दहावीला इंग्रजीत ऐंशीच्या वर गुण. पदवीनंतर एका कंपनीत व्हॉइस प्रोसेससाठी, म्हणजे ग्राहकांशी फोनवर बोलण्याच्या कामासाठी गेली. एचआर राउंड झाला, ग्रामरची टेस्ट झाली, दोन्हीत पास. मग हेडफोनवर एका अमेरिकन ग्राहकाचा कॉल ऐकवला आणि विचारलं, याची तक्रार काय आहे? तिला ‘बिल’ एवढाच शब्द लागला. शेवटी नॉन-व्हॉइसला घेतलं, पगार कमी. मला भेटायला आली तेव्हा म्हणाली, “मॅडम, तो बोलत होता ते कागदावर दिलं असतं ना, तर मी सगळं सांगितलं असतं.” माझा तिच्यावर पूर्ण विश्वास आहे. बिलाच्या तक्रारीत तिला न येणारे शब्द असून असून किती असणार?

शब्द येत होते, कानाला त्यांची ओळख नव्हती. बोलण्याच्या ओघात इंग्रजी शब्द एकमेकांत मिसळतात, काही आवाज गिळले जातात. ‘डिड यू ईट’चं ‘डिज्जू ईट’ होतं, ‘व्हॉट आर यू गोइंग टू डू’चं ‘वॉटर्य गना डू’. ‘नेक्स्ट वीक’ म्हणताना मधला ‘ट’ बहुतेक वेळा गायब. ‘टू’, ‘ऑफ’, ‘फॉर’, ‘कॅन’ या बारक्या शब्दांवर जोर नसतो आणि त्यांचा स्वर पार पुसट होऊन जातो. ‘कप ऑफ टी’ भराभर म्हटलं की ‘कपटी’च्या आसपास पोचतं, यावर वर्गात दरवर्षी हशा पिकतो. इंग्रजीत जोराची अक्षरं तालावर येतात आणि मधली घाईघाईत उरकली जातात. मराठीत आपण जवळपास प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा देतो. त्यामुळे मराठी कान त्या मधल्या अक्षरांची वाट बघत बसतो आणि तोवर बोलणारा दोन वाक्यं पुढे गेलेला असतो.

आपण तरी दुसरं काय करतो? ‘तू काय करत आहेस?’ असं घरात कोण विचारतं? ‘काय करतोयस?’ म्हणतो, साताऱ्याकडे ‘काय करतुयास?’ म्हणतात. पुस्तकातून मराठी शिकून आलेला माणूस आमच्या भाजी मार्केटात पहिल्या पाच मिनिटांत गार होईल. त्याला व्याकरण कमी पडलं असं आपण म्हणणार नाही. मार्केटात चार दिवस हिंड म्हणू.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली. म्हणजे मराठी शाळेतलं मूल दहावीला बसतं तेव्हा दहा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. या दहा वर्षांत त्याने आपल्या बाई आणि सर सोडून किती माणसांचं इंग्रजी ऐकलं, हे कुठल्याही पालकाने घरी विचारून बघावं. दहावीला ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी-अंतर्गत. त्या २० मध्ये ऐकणंही येतं. ते होतं कसं? शिक्षक उतारा वाचतो, सावकाश, शब्दाशब्दाला थांबत, कुणाला लागलं नाही तर पुन्हा एकदा. मुलं वर्षभर त्याच आवाजाला सरावलेली. गुण पडतात आणि विषय संपतो. यात कानाची परीक्षा किती झाली, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असतं.

आमच्या मजल्यावर एक निवृत्त परिचारिका राहतात, मूळच्या कोट्टायमच्या. सगळी बिल्डिंग त्यांना सिस्टर म्हणते. त्यांना विनंती केली, घरच्या घरी बीपी कसं मोजायचं ते इंग्रजीत व्हॉइस मेसेजवर सांगा, मी वर्गात वापरणार आहे. मुलांसाठी म्हणून सोपं करू नका, शेजारणीला सांगताय असं सांगा. मिनिटभराचा मेसेज आला. सुरुवातीलाच कुकरची शिट्टी. ‘फर्स्ट यू सिट. फाइव्ह मिनिट्स जस्ट सिट, नो टॉकिंग, ओके?’ मग पाठ टेकलेली हवी, पाय जमिनीला, पायावर पाय नको, अर्धा तास आधीपासून चहा-कॉफी नको. पट्टा बांधा, बटण दाबा. आणि तिथे थांबून, ‘वेट, वेट, बिफोर दॅट…’ म्हणत सिस्टर मागे गेल्या. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, बाहीवर नाही, आणि हात छातीच्या उंचीला टेबलावर ठेवायचा, हे सांगायचं राहून गेलं होतं.

वर्गात टेबलावर खरं मशीन ठेवलं. प्रश्नपत्रिका नाही. ऐका आणि करून दाखवा. पहिल्या मुलाने सगळं नीट केलं आणि पट्टा शर्टाच्या बाहीवरच गुंडाळला. मागून दोन मुली ओरडल्या, बाही वर कर. तो म्हणाला, असं त्या कुठे म्हणाल्या? पुन्हा लावलं. मग लक्षात आलं की ‘वेट, वेट’पर्यंत तो कान देऊन ऐकत होता. तिथे त्याला वाटलं, यांचं काहीतरी चुकलं, आता पहिल्यापासून सुरू करतील. म्हणून त्याने तेवढ्यापुरतं लक्ष काढून घेतलं. आणि सगळ्यात कामाची सूचना तिथेच होती.

सीडीवरची माणसं अशी मागे जात नाहीत. खरी माणसं सारखी जातात. पत्ता सांगताना, गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगताना, काम सोपवताना. ‘नाही नाही, थांबा’ म्हटल्यावर पुढे येतं ते जास्त महत्त्वाचं असतं, हे मराठीत मुलांना आपोआप कळतं. इंग्रजीतही तसंच असतं हे त्यांना कुणी ऐकवलेलंच नाही. त्या दिवसानंतर ‘ॲक्च्युअली’, ‘आय मीन’, ‘सॉरी, नॉट दॅट’ असं काही आलं की आमच्या बॅचची कान टवकारायची सवय झालीय. कुणी ना कुणी पेन उचलतंच.

हा किस्सा स्टाफरूममध्ये सांगितला तर एक सहकारी म्हणाले, ठीक आहे, पण उच्चार मल्याळी ना? मग हे अस्सल इंग्रजी कसं? अस्सल हवं तर ब्रिटिश ऐकवा. मला हे बिलकूल पटत नाही. नेरुळच्या हॉस्पिटलात नर्सिंगच्या मुलीला वॉर्डात सूचना देणारी मेट्रन बहुधा केरळची असेल. वाशीच्या बँकेतले मॅनेजर तमिळ असू शकतात, कळंबोलीत ट्रान्सपोर्टचे मालक पंजाबी. माझ्या मुलांना पोटापाण्यासाठी जे इंग्रजी ऐकावं लागणार, त्यात लंडनच्या त्या तिकीटवाल्या बाईचा नंबर बराच खाली लागतो. तिलाही ऐकू दे, माझी हरकत नाही. नर्सिंग करून परदेशी जायचं म्हटलं तर आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा बऱ्याचदा द्यावी लागते, आणि तिथे ऐकण्याचे चार भाग, चाळीस प्रश्न, साधारण अर्धा तास, ध्वनिफीत एकदाच आणि उच्चार तऱ्हेतऱ्हेचे. एकाच आवाजावर वाढलेल्या कानाची तिथे फजिती होते.

मुलांना सगळ्यात जास्त आवडलं ते अर्थात क्रिकेट. २ नोव्हेंबर २०२५ ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. हे आमच्या घरापासून चार-पाच स्टेशनांवर घडलेलं, त्यामुळे पोरांना सगळं तोंडपाठ. शफालीच्या ८७ धावा, दीप्तीचे पाच बळी, हरमनप्रीतने घेतलेला शेवटचा झेल. त्या शेवटच्या झेलाचं इंग्रजी समालोचन मी फोनचा पडदा झाकून ऐकवलं आणि विचारलं, झेल घेतला हे तुम्हाला कुठल्या शब्दाला कळलं? एकेकाने एकेक शब्द सांगितला. एक मुलगी म्हणाली, “शब्दाच्या आधीच कळलं मॅडम, त्यांचा आवाज वर गेला तेव्हा.” पुन्हा ऐकलं. तिचंच बरोबर होतं. आवाज वर गेला, मागे मैदान उसळलं, शब्द नंतर आले. समालोचक कसले भरभर बोलतात! पण खेळ माहीत असला की पुढे काय येणार याचा अंदाज कान आधीच बांधून ठेवतो. अनोळखी विषयावरचं सावकाश बोलणं मुलांना याहून जड जातं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

त्याच सामन्यात शतक करूनही हरलेली दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोल्वार्ट सामन्यानंतर बोलली, तेही ऐकवलं. तिचे स्वर आपल्या ओळखीचे नाहीत. प्रश्न एकच ठेवला, ती कारणं देतेय की समोरच्यांचं कौतुक करतेय? एवढ्यावर वर्गात वादावादी झाली आणि ती मिटवायला मुलांनीच ‘मॅडम, परत लावा’ म्हटलं. लंडनच्या तिकिटासाठी असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

हे सगळं मुलांना कठीण जातं, असं शिक्षक म्हणतात. जातंच. माझा मार्ग असा की ध्वनिफीत आहे तशी ठेवायची आणि प्रश्न सोपा करायचा. नवशिक्यांना तीस-चाळीस सेकंद पुरेत. पहिल्यांदा ऐकताना किती जण बोलतायत, खूश आहेत की वैतागलेत, मागे कसला आवाज येतोय, एवढंच. भाषा न कळताही याची उत्तरं देता येतात आणि घाबरगुंडी उडत नाही. मग आकडे, नावं, वेळ. मग जिथे सगळ्यांचं अडलं तो दोन-तीन सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा. मुलांना जे ऐकू आलं ते फळ्यावर लिहिते आणि खाली प्रत्यक्षात काय म्हटलंय ते. खरं शिकणं या दोन ओळींमधल्या फरकात होतं, आणि नेमकं त्यालाच आपल्याकडे वेळ दिला जात नाही. आपण ऐकवतो, प्रश्न विचारतो, चूक-बरोबर सांगतो आणि पुढे जातो. म्हणजे रोज परीक्षाच घेतो. चुकलं ते का चुकलं, कुठला आवाज निसटला, हे कुणी दाखवायचं?

मोबाइलवर गती कमी करून ऐकण्याचीही हल्ली फॅशन आलीय. घरी ऐकताना चालेल. पण पाऊणपट गतीला ‘डिज्जू’चं ‘डिड यू’ होत नाही, लांबलेलं ‘डिज्जू’च होतं. गिळलेला आवाज सावकाश केल्याने परत येत नाही. तीच गत सबटायटलची. मुलं छाती ठोकून सांगतात, आम्ही इंग्रजी सिरीज बघतो. खालची पट्टी झाका म्हटलं की गप्प. बघत नसतात, वाचत असतात. पट्टी शेवटी उघडावी, ताळा करायला.

लहान वर्गांसाठी माझं सगळ्यात आवडतं साहित्य फुकट आहे. लोकलमधली घोषणा. एकच गोष्ट आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. अर्थ आधीच हातात असतो, कानाने फक्त तिसऱ्या वेळी तो पकडायचा. पाचवीतल्या मुलांना मी सांगते, सुट्टीत गाडीने कुठे गेलात तर इंग्रजी घोषणेतला एक नवा शब्द घेऊन या. दारात उभं राहू नये हेही त्यात येतं, तेवढाच दुहेरी फायदा.

संथ, सोप्या ध्वनिफितींना मी टाकाऊ म्हणत नाही. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ने १९५९ साली सुमारे १५०० शब्दांत, छोट्या वाक्यांत, संथ गतीने बातम्या द्यायला सुरुवात केली आणि रेडिओला कान लावून जगभर कितीतरी लोक त्यावर शिकले. पहिली पायरी म्हणून ते उत्तमच. पण पाचवीला जे ऐकवतो तेच दहावीला ऐकवत राहिलो, तर मुलाने पायरी चढायची कधी?

‘पोर्शन कधी संपवायचा?’ हा प्रश्न मलाही रोज पडतो. आठवड्यातल्या एका तासिकेची दहा मिनिटं निघतात. फोन आणि साधा ब्लूटूथ स्पीकर पुरतो. पंखा गरगरतो, खाली घोडबंदरच्या दिशेने जाणारे ट्रक हॉर्न मारतात, मारू देत. दोन पथ्यं मात्र पाळते. जे ऐकवायचं ते आधी स्वतः पूर्ण ऐकते, कारण मध्येच काय निघेल याचा नेम नसतो. आणि कुणाचंही बोलणं परवानगीशिवाय रेकॉर्ड करत नाही. शेजाऱ्यांचं नाही, दुकानदाराचं नाही, कस्टमर केअरवाल्याचं तर मुळीच नाही. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने एखादी कलाकृती वापरली, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात त्याला सवलत आहे. पण ती वर्गापुरती. तीच क्लिप पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवणं वेगळं, ते मी टाळते.

तेव्हा लॅबच्या निविदा काढणाऱ्या महापालिकांना आणि संस्थाचालकांना माझी विनंती आहे की हेडफोनच्या संख्येइतकाच वेळ आतल्या आवाजांवर घालवा. पुरवठादाराकडून पाच नमुने मागवा आणि डोळे मिटून ऐका. पाचही ठिकाणी माणसं आळीपाळीने, एकमेकांना न तोडता बोलत असतील, तर पैसे देण्याआधी दुसरं काय आहे ते विचारा. तोंडी परीक्षेतल्या ऐकण्याच्या भागात निदान एक तुकडा शिक्षकाच्या आवाजाबाहेरचा असावा, असं शाळांनी ठरवलं तरी खूप होईल. त्याला नवा खर्च नाही.

आणि एक विनंती आपल्या वाचकांना. कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली, वाशी, नेरुळ या पट्ट्यात रोजच्या कामात इंग्रजी बोलणारी माणसं भरपूर आहेत. निवृत्त बँकवाले, परिचारिका, बोटीवर नोकरी केलेले, कुरिअर आणि कस्टममधले. त्यांच्याकडून मला दीड-दोन मिनिटांचे व्हॉइस मेसेज हवे आहेत. सिलिंडर कसा बदलायचा, स्टेशनपासून घरी कसं यायचं, पहिल्या पगाराचं काय केलं, काहीही. कागदावरून वाचू नका. अडखळलात तर तसंच राहू द्या, कुकर-पंखा बंद करू नका. कुणाचा फोन नंबर किंवा घरगुती माहिती मात्र त्यात नको. संपादकांची हरकत नसेल तर आपल्या पत्रव्यवहार विभागाकडे नुसतं कळवावं, मी संपर्क करीन. बँकिंगची भाषा असलेले दोन मेसेज मिळाले तर आधी तेच वापरीन, कारण डिसेंबरात बॅचमधल्या तिघी मुलाखतींना बसतायत.

आपली,
एक इंग्रजी शिक्षिका,
कोपरखैरणे, नवी मुंबई
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)